भाड्याच्या घरातली किरकोळ दुरुस्ती : इंदूरला नव्यानं आलेल्यांसाठी

हार्डवेअरच्या दुकानात रिकाम्या हातानं जायचं नाही. नळाचा वायसर (आतली रबरी चकती) झिजला असेल तर तो झिजलेला वायसर, बिजागरीचा एक स्क्रू पडला असेल तर त्याचा जोडीदार, पंख्याचा कॅपॅसिटर गेला असेल तर तोच जुना कॅपॅसिटर कागदात गुंडाळून खिशात टाकायचा आणि काउंटरवर ठेवून म्हणायचं, "भिया, बिलकुल ऐसा ही देना." माप, आटे, नंबर यातलं काही तुम्हाला ठाऊक नसलं तरी चालतं. नमुना समोर असला की दुकानदार बरोबर डबा काढतो. साधी गोष्ट आहे, पण नवीन माणूस फोनवरचा धूसर फोटो दाखवतो, चुकीचा तुकडा घेऊन घरी येतो आणि मग म्हणतो की हे काम आपल्याला जमणारं नाही.

हे लिहितोय ते शिकायला किंवा नोकरीला इथे आलेल्यांसाठी, जे सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग नाहीतर विजयनगरकडे भाड्यानं राहतात. दहा मिनिटांच्या कामाला प्लंबर दोन दिवसांनी येतो आणि येण्याचेच पैसे घेतो. त्याचंही चूक नाही, वायसर बदलण्यासाठी शहराच्या या टोकाहून त्या टोकाला कोण येईल? घरमालक काकांना फोन केला तर "बघू हं, रविवारी कुणाला तरी पाठवतो" असं उत्तर येतं. कुठला रविवार, ते सांगत नाहीत.

एक भेद मात्र पहिल्यापासून पाळा. काही दुरुस्त्या कायमच्या असतात, काही चार दिवस निभावून न्यायच्या. दुसऱ्या जातीचं काम केलं की त्याच्या शेजारी मार्करनं तारीख लिहून ठेवा. गळतीवर लावलेल्या एम-सीलच्या गोळ्यावर '12 जुलै' असं लिहिलेलं दिसलं की सप्टेंबरात आपोआप आठवतं, हे अजून बाकी आहे. तारीख नसली की तात्पुरतं काम घरमालकाच्या पुढच्या तीन भाडेकरूंपर्यंत टिकतं, आणि मग एके दिवशी खालच्यांच्या छतातून पाणी उतरतं.

पिशवीत काय हवं

सरकता पाना, पक्कड, दोन्ही टोकांचा स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, टेफ्लॉन टेप, एम-सीलचं छोटं पाकीट, फेव्हिकॉल, पॉलिश पेपर, हॅक्सॉचं एक पातं आणि सायकलची जुनी ट्यूब. ट्यूब कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळते, बहुतेकदा फुकट. ड्रिल मशीन विकत घेऊ नका. वर्षातून दोन भोकांसाठी ते शेजाऱ्याकडून आणावं. सुटी खरेदी गल्लीतल्या दुकानातच करा. घरभराचं एकदम घ्यायचं असेल तर सियागंजात जा, विजेच्या सामानासाठी महाराणी रोडला. दोन्ही स्टेशनाजवळ आहेत, पण दुपारी तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो, तो दोन वायसरांच्या किमतीहून महाग पडतो.

नळ टपकतोय

इंदूरचं पाणी नर्मदेचं. नर्मदाकाठच्या जलूदहून विंध्याचा घाट चढवून इथवर आणलेलं, आणि बहुतेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं. मधल्या काळात सगळा भार गच्चीवरच्या टाकीवर. म्हणून इथे टपकणारा नळ म्हणजे नुसता रात्रीचा आवाज नाही, दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीचा प्रश्न आहे. पटत नसेल तर रात्री खाली बादली लावून ठेवा आणि सकाळी बघा.

आधी नळाची जात ओळखा. तीन-चार वेढे फिरवून बंद होणारा तो जुना, वायसरचा. पाव वेढ्यात उघडबंद होणारा तो नवा, त्यात वायसर नसतो, आतला अख्खा स्पिंडल (फिरणारी दांडी) बदलावा लागतो.

जुन्या नळाचं काम असं करा.

1. त्या नळाचा किंवा न्हाणीघराचा कॉक बंद करा. तो सापडला नाही तर टाकीखालचा मोठा व्हॉल्व्ह. मग नळ पूर्ण उघडून पाइपातलं उरलेलं पाणी काढून टाका. इमारतीत सगळ्यांची टाकी एकच असेल तर वरच्या-खालच्यांना आधी सांगा. कुणीतरी साबण लावून उभं असतं.

2. मोरीच्या जाळीवर फडकं टाका. पडलेला स्क्रू त्या जाळीतून हमखास आत जातो.

3. नळ अर्धवट उघडा ठेवूनच मुठीखालचा षटकोनी नट पान्यानं घड्याळाच्या उलट दिशेनं सैल करा. नळ घट्ट बंद असताना ओढलंत तर वायसर बैठकीला, म्हणजे तो ज्या कडेवर टेकतो तिला, चिकटलेला असतो आणि दांडीवर जोर येतो. क्रोमचा नळ असेल तर पान्याच्या जबड्यात कापड घाला.

4. दांडीच्या टोकाला वायसर दिसेल. मधोमध गोल खाच पडलेली असते. तो काढा आणि खिशात टाका. आता दुकान.

5. नवा बसवण्याआधी नळाच्या आत बोट घालून बैठक चाचपा. गुळगुळीत लागली तर ठीक. खरखरीत, खड्डे पडलेली लागली तर नवा वायसरही थोड्याच दिवसांत कापला जाईल. मग नळच बदललेला बरा.

6. परत बसवा, आवळा, कॉक हळूहळू उघडा. आवळताना ताकद दाखवायची नाही.

रात्री अकरा वाजता दुकानं बंद असली तर सायकलच्या ट्यूबमधून जुन्या वायसरच्या मापाच्या दोन चकत्या कापा आणि एकावर एक बसवा. चार-आठ दिवस निघतात. तारीख लिहा.

नळ बंद असताना कोरडा राहतो, पण उघडला की मुठीखालून पाणी येतं, असं असेल तर वायसरला दोष देऊ नका. मुठीखालचा छोटा नट थोडा आवळून बघा. नाही थांबलं तर तो उघडून दांडीभोवती टेफ्लॉन पिळून दोऱ्यासारखा गुंडाळा आणि नट पुन्हा बसवा.

अख्खा नळ बदलायचा झाला तर टेफ्लॉनची दिशा महत्त्वाची. नळाचे आटे स्वतःकडे धरा आणि टेप घड्याळाच्या दिशेनं ताणून गुंडाळा, आठ-दहा वेढे. उलटा गुंडाळला तर नळ फिरवताना टेप सुटून बाहेर येतो. आणि नळ सरळ उभा यावा म्हणून आवळल्यावर मागे फिरवायचा नाही. मागे फिरवलाच तर टेप काढून पहिल्यापासून.

फ्लशची टाकी

टाकी गळतेय का, हे डोळ्यांना दिसत नाही. टाकीचं झाकण काढून त्यात उजालाचे चार-पाच थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. टाकीतलं पाणी मधल्या नळीच्या तोंडाखाली असूनही भांड्यात निळं पाणी उतरलं तर तळाचं रबर गेलं. ते सुटं मिळतं, नमुना न्या. पाणी नळीच्या तोंडापर्यंत चढलंय आणि टाकी सारखी भरत राहते, तर तरंगता फुगा फार वर लागलाय आणि जास्तीचं पाणी त्या नळीतून भांड्यात वाहून जातंय. फुग्याची दांडी किंवा स्क्रू थोडा खाली करा, पाण्याची पातळी नळीच्या तोंडाखाली बोटभर राहिली पाहिजे.

धार बारीक झाली

बोअरिंगचं पाणी येणाऱ्या इमारतींत नळाच्या तोंडाची जाळी आणि शॉवरची भोकं पांढऱ्या क्षारानं भरतात. नर्मदेच्या लाइनलाही पाणी थांबून-थांबून येत असल्यानं बारीक गाळ अडकतो. जाळी हातानं किंवा कापड धरून पकडीनं सोडवा, व्हिनेगरमध्ये किंवा किराणा दुकानातल्या टाटरीच्या (लिंबाच्या सत्त्वाच्या) पाण्यात रात्रभर बुडवा, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा. शॉवर काढता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून ती शॉवरच्या तोंडाला रबरबँडनं बांधा.

फक्त ते फरशीवर सांडू देऊ नका. इथल्या घरांत कोटा दगडाची फरशी खूप असते, आणि कोटा काय नि संगमरवर काय, दोन्ही चुन्याचेच दगड. आम्लानं त्यांची झिलई जाते आणि पांढरट डाग कायमचा बसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

तुंबलेल्या सिंकला ॲसिडची गरजच नसते. खाली बादली ठेवून वाटीच्या आकाराचा ट्रॅप हातानं फिरवून काढा, आतला गाळ कचऱ्यात टाका, धुऊन परत लावा.

पाइप गळतोय

पाणी बंद करा, पाइप पुसून कोरडा करा, पॉलिश पेपरनं खरखरीत करा. एम-सीलच्या दोन रंगांच्या कांड्या सारख्या घ्या आणि रंग अगदी एकजीव होईपर्यंत मळा. पट्टे दिसत असतील तर ते नीट कडक होणार नाही. दाबून बसवा, कडा पाण्याच्या बोटानं गुळगुळीत करा आणि रात्रभर पाणी सोडू नका. वाहत्या पाण्यावर एम-सील थापणं म्हणजे पैसे मोरीत टाकणं. पाणी बंद करणं शक्यच नसेल तर सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी कापा आणि ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर चढवत घट्ट बांधा. दोन्ही उपाय तारखेवाले.

गिझरच्या गरम पाण्याच्या लाइनवर साधा पांढरा पीव्हीसीचा तुकडा जोडू नका. तिथे गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसीच लागतो, त्याचं सोल्यूशनही वेगळं येतं.

भिंतीच्या भेगा

पुण्या-मुंबईहून आलेला माणूस इथल्या भिंतीवरची भेग बघून घाबरतो, किंवा अजिबात लक्ष देत नाही. दोन्ही नको. माळव्याची जमीन काळी, बेसॉल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. ज्या घराचा पाया उथळ, ते या फुगण्या-आक्रसण्याबरोबर किंचित हलतं. म्हणून मे महिन्यात दिसणारी भेग ऑगस्टात मिटल्यासारखी वाटते, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा तिथेच उघडते. तुम्ही मधे पुट्टी भरली असेल तर पुट्टीला धरून उघडते.

त्यामुळे भरण्याआधी बघायचं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. महिन्या-दोन महिन्यांनी भेग रेघेच्या पुढे गेली का, ते तपासा. नाण्यानं आजूबाजूला टकटक करा. पोकळ आवाज आला तर प्लॅस्टर सुटलंय, तिथे नुसती भेग भरून भागणार नाही.

केसासारखी, न वाढणारी भेग असेल तर काम अर्ध्या दिवसाचं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी थोडी रुंद करा, कारण बारीक फटीत काहीच शिरत नाही. ब्रशनं धूळ पूर्ण काढा. धुळीवर लावलेलं सगळं महिनाभरात गळून पडतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि ॲक्रिलिकची तयार क्रॅक पेस्ट दाबून भरा. व्हाइट सिमेंट किंवा पीओपी स्वस्त पडतं, पण ते कडक होतं आणि हलणाऱ्या भिंतीवर पुन्हा तडकतं. पेस्ट थोडी लवचीक राहते. वाळली की बसकण येते, मग दुसरा हात. शेवटी पॉलिश पेपर. विटांची भिंत आणि काँक्रीटचा खांब जिथे भेटतात तिथली उभी सरळ भेग मात्र नुसत्या पेस्टनं थांबत नाही, तिच्यावर फायबरच्या जाळीची पट्टी चिकटवून वरून पुट्टी ओढावी लागते.

रंग जुळवायला जुन्या रंगाची खपली दुकानात न्या. तरी ठिगळ दिसणारच, कारण भिंतीवरचा रंग उतरलेला असतो. दिसू नये असं वाटत असेल तर ती भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवा, बाकीच्या तीन सोडून द्या.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, काडेपेटीची काडी आत जाईल एवढी भेग, आणि त्याच खोलीचं दार अलीकडे अडकायला लागलेलं: असं दोन्ही एकत्र दिसलं तर हात लावू नका. फोटो काढून घरमालकाला पाठवा आणि इंजिनिअरला दाखवायला सांगा. ते काम तुमचं नाही.

भिंतीच्या खालच्या भागाला लोणा (ओलीनं येणारा पांढरा क्षार) लागलेला असेल तर त्यावर रंग, स्टिकर, वॉलपेपर काहीही लावलं तरी ते पोपडे होऊन पडतं. पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. बहुतेकदा भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर असतं.

गच्ची

इथे पाऊस साधारण जूनच्या मध्यापासून लागतो, तेव्हा हे काम मे महिन्यातलं. गच्ची सगळ्यांची असते, म्हणून विचारून करा, आणि सामानाचे पैसे घरमालकाकडून घ्या. गच्ची झाडा, पाणी जायचं तोंड मोकळं करा आणि त्यावर जाळी बसवा. छतगळतीचं कारण पुष्कळदा नुसतं एवढंच असतं, एक प्लॅस्टिकची पिशवी तोंडात बसलेली. मग चार बादल्या पाणी ओता आणि जिथे डबकं राहतं तिथे खडूनं गोल करा. कठडा आणि स्लॅब मिळतात तो कोपरा बारकाईनं बघा, पाणी बहुधा तिथूनच शिरतं. भेगा भरून वाळल्या की ॲक्रिलिक वॉटरप्रूफ कोटचे दोन हात द्या, दुसरा पहिल्याच्या आडवा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. दुपारच्या तापलेल्या स्लॅबवर कोट लावता-लावता वाळतो आणि पापडी सुटते.

पाऊस सुरू झाल्यावर ओल्या गच्चीवर कोट मारणारे येतात, त्यांना परत पाठवा. तेव्हा ताडपत्री आणि कडेला विटा, बस.

दारं, स्क्रू, खिळे

बिजागरीचा स्क्रू नुसता फिरतोय, धरत नाही? काडेपेटीच्या दोन-तीन काड्यांचं गूल मोडून टाका, काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, वर आलेलं टोक तोडा, रात्रभर वाळू द्या आणि तोच स्क्रू फिरवा. हे जुगाड कायमचं, तारीख नको.

पावसाळ्यात फुगलेल्या दाराला रंधा मारायची घाई करू नका. दिवाळीनंतर लाकूड वाळतं आणि रंधलेल्या दारात फट उरते, थंडीत तिथून वारा येतो. तोवर घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती चोळा.

भिंतीत खिळा टिकत नसेल तर मोठा खिळा ठोकून काही होत नाही. ड्रिलनं भोक पाडून प्लॅस्टिकची गुट्टी बसवा, मग स्क्रू. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली भोक पाडू नका, तिथून वायरिंग जातं.

पंखा

पंखा हुं-हुं करतो पण फिरत नाही, काठीनं ढकलला की फिरायला लागतो: कॅपॅसिटर गेला. बंद पंखा हातानं फिरवताना जड लागत असेल तर बेअरिंग, ते मिस्त्रीचं काम.

बटण बंद करणं पुरेसं नाही, जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर असतं, म्हणजे ते बंद असूनही पंख्यापर्यंत वीज असते. बोर्डातला एमसीबी (त्या लाइनची वीज तोडणारा खटका) पाडा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून त्याचा दिवा लागतो का ते बघा, मग एमसीबी पाडून पंख्याच्या तारांना लावा. स्टूल धरायला कुणीतरी हवं. छताजवळची वाटी खाली सरकवा, तारांचा फोटो काढा, मग कॅपॅसिटर सोडवा. त्यावर 2.5 मायक्रोफॅरड, 440 व्होल्ट असं काहीसं छापलेलं असेल. तोच आकडा घ्या. पंखा जोरात फिरावा म्हणून मोठा आकडा घेतला तर वाइंडिंग तापून जळतं, मग नवा पंखा.

जिथे हात लावायचा नाही

जुन्या घरांत अजून चिनीमातीचे फ्यूज दिसतात. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे शूर लोक प्रत्येक गल्लीत असतात. त्यांचं ऐकू नका, मग फ्यूजऐवजी भिंतीतली वायर जळते. गिझर, प्रेस, इंडक्शन 16 अँपियरच्या सॉकेटवरच. गिझर उघडायचा नाही. बोर्डात आरसीसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा खटका) असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, खटका पडला पाहिजे. पडला नाही तर इलेक्ट्रिशियन.

गॅसच्या नळीला टेप, एम-सील, ट्यूब यातलं काहीही लावायचं नाही. शंका आली तर साबणाचा फेस लावून बघा, काडी पेटवून नाही. बुडबुडे आले तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका आणि घराबाहेर जाऊन 1906 ला फोन करा. नळीवर छापलेली मुदत संपली असेल तर ती एजन्सीकडूनच बदलून घ्या.

उरलेलं सामान

बदललेला नळ, जुनं रबर, सामानाची बिलं एका पिशवीत ठेवा. घर सोडताना अनामत रकमेवरून बोलणं निघालं की ती पिशवी काकांसमोर ठेवता येते. फुटलेली ट्यूबलाइट, रंगाचा अर्धा डबा, जुने सेल हे मात्र सुक्या कचऱ्यात ढकलू नका. सकाळच्या कचरागाडीला घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो. काच जाड कागदात गुंडाळा, आणि देताना गाडीवरच्या माणसाला तोंडानं सांगा की आत काच आहे, नाहीतर तो सवयीनं हात घालून दाबतो.